जीप, जुनी वर्तमानपत्रे आणि आपला रस्ता

१

इतिहास म्हटला की राजे, तह आणि लढाया एवढेच आपल्याला शिकवले जाते. यंत्रालाही इतिहास असतो आणि त्या इतिहासात आपली माणसे असतात, हे कुणी शिकवत नाही. सातपूरसारख्या कामगारवस्तीत इतिहास शिकवणाऱ्याला मात्र हा प्रश्न टाळून चालत नाही. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढच्या काळात सातपूरच्या शेतजमिनींवर कारखाने उभे राहिले. १९८१ पासून महिंद्र कंपनीचा मोटारींचा कारखाना येथे आहे. १९८२ मध्ये नाशिक महानगरपालिका झाली आणि तीत सातपूर सामील झाले. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलामुलींचे वडील या वसाहतीतल्या कारखान्यांत पाळीवर जातात. कुणी वेल्डिंगवर, कुणी रंगकामावर, कुणी कंत्राटदाराकडे रोजंदारीवर. येथून बाहेर पडणाऱ्या गाड्यांची वंशावळ दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी जीपपर्यंत जाऊन भिडते.

ही वंशावळ जुन्या वर्तमानपत्रांतून वाचता येते. लष्करी गाडी नागरी कशी झाली, हे त्यांत भरभरून सापडते. ती कोणासाठी नागरी झाली, हे मात्र फारसे सापडत नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न हा दुसराच आहे.

२

आधी मूळ गोष्ट पाहू. १९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकन लष्कराला हलकी, चारही चाकांना जोर पोचणारी टेहळणी गाडी हवी होती. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या बँटम या लहान कंपनीने ती बनवण्याचे आव्हान स्वीकारले. कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याने आराखडे काढले आणि सप्टेंबर १९४० मध्ये पहिली नमुनागाडी लष्कराच्या ताब्यात गेली. लष्कराने ते आराखडे विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड या मोठ्या कंपन्यांनाही पाहू दिले. बँटम लहान, तिला एवढे उत्पादन झेपणार नाही, असे कारण झाले. मोठी कंत्राटे विलीज आणि फोर्डकडे गेली. युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीप तयार झाल्या. त्यांत बँटमच्या तीन हजारसुद्धा नव्हत्या.

आता वर्तमानपत्रांकडे वळू. १९४१ मध्ये विलीजच्या चालकाने ही गाडी वॉशिंग्टनला अमेरिकन संसदेच्या इमारतीच्या पायऱ्यांवर चढवून दाखवली. 'वॉशिंग्टन डेली न्यूज'च्या कॅथरीन हिलयर या वार्ताहर बाईंनी त्या गाडीवर लिहिले, छायाचित्र छापून आले आणि 'जीप' हे नाव घरोघर गेले. त्यानंतर विलीजने जाहिरातींचा सपाटा लावला. जीप आम्हीच जन्माला घातली, असा त्या जाहिरातींचा सूर होता. अखेर फेडरल ट्रेड कमिशनने १९४३ मध्ये कंपनीविरुद्ध तक्रार दाखल केली. जीपची कल्पना बँटमने लष्करी अधिकाऱ्यांच्या सहकार्याने साकारली, विलीजने निर्मितीचा मान मिरवू नये, असा निर्णय १९४८ मध्ये लागला. तोपर्यंत जाहिरातींनी आपले काम केले होते. निर्णय कागदावर राहिला आणि लोकांच्या मनात विलीज राहिली. जीप हे नावही पुढे विलीजच्याच मालकीचे झाले.

भांडवलदारांच्या आपसांतल्या भांडणात आपल्याला काय रस, असे कुणी म्हणेल. मला त्यातला नियम महत्त्वाचा वाटतो. ज्याच्या हाती छापखाना आणि जाहिरातीचा पैसा, त्याच्या नावावर निर्मिती लागते. एका गोऱ्या, पण लहान कंपनीची ही गत झाली. मग ज्यांच्याकडे छापखानाच नव्हता, त्यांचे काय झाले असेल?

३

१९४४ च्या उन्हाळ्याअखेर फ्रान्समध्ये पुढे सरकणाऱ्या अमेरिकन फौजांना इंधन आणि दारूगोळा पुरवण्यासाठी ट्रकांची अखंड रांग सुरू झाली. 'रेड बॉल एक्स्प्रेस' या नावाने ती ओळखली जाते. सुमारे पावणेतीन महिने ती रात्रंदिवस चालली आणि तिच्या चालकांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश कृष्णवर्णीय सैनिक होते. आसामातल्या लेडोपासून ब्रह्मदेशातून चीनकडे जाणारा रस्ता १९४५ च्या आरंभी खुला झाला. तो बांधणाऱ्या अमेरिकन सैनिकांतही निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीयच होते आणि त्यांच्या जोडीला हजारो स्थानिक मजूर होते. अमेरिकन लष्करात तेव्हा काळ्या-गोऱ्यांच्या पलटणी वेगळ्या असत. काळ्या माणसाच्या हाती बंदूक देण्यापेक्षा ट्रकचे चाक आणि फावडे देणे वरिष्ठांना सोयीचे वाटे.

युद्ध संपले. १२ फेब्रुवारी १९४६ रोजी सार्जंट आयझॅक वुडर्ड हा कृष्णवर्णीय सैनिक लष्करातून सन्मानाने मुक्त झाला. अंगावर गणवेश, खिशात सुटकेचे कागद. तो ग्रेहाउंड कंपनीच्या बसने घरी निघाला. वाटेत लघवीसाठी बस थांबवण्यावरून चालकाशी त्याची बाचाबाची झाली. दक्षिण कॅरोलिनातल्या बेट्सबर्ग गावी पोलिसांनी त्याला खाली उतरवून असे मारले की त्याचे दोन्ही डोळे कायमचे गेले. निव्वळ गोऱ्यांच्या ज्यूरीने पोलीस प्रमुखाला निर्दोष सोडले. ही घटना देशभर गाजायला पाच महिने लागले. एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या संघटनेने ती लावून धरली आणि ऑर्सन वेल्स यांनी जुलैमध्ये रेडिओवरून ती सांगितली, तेव्हा देश हलला. लष्करातला वर्णभेद संपवण्याचा अध्यक्ष ट्रूमन यांचा आदेश जुलै १९४८ मध्ये निघाला, त्यामागच्या कारणांत हेही एक मानले जाते.

लष्कराच्या गाड्या युद्ध संपताच नागरी झाल्या. वुडर्ड नागरी वेशातही नागरिक होऊ शकला नाही आणि लष्करी वेशातही नाही.

४

ही कथा ऐकून आपल्याला चाळीसगाव आठवले पाहिजे. ऑक्टोबर १९२९. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य असलेले बाबासाहेब धुळ्याहून परतताना चाळीसगावला उतरले. महारवाड्यात जायला टांगा हवा होता. अस्पृश्याला बसवून टांगा हाकणे टांगेवाल्यांना कमीपणाचे वाटले. शेवटी टांगा मिळाला, टांगेवाला मिळाला नाही. महारवाड्यातल्याच एकाने लगाम हाती घेतला. त्याला टांगा हाकायची सवय नव्हती. पुलावर घोडा बिथरला, चाक दगडाला अडले, बाबासाहेब दगडी फरसबंदीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. घोडा आणि टांगा नदीत कोसळले.

परदेशातून पदव्या घेऊन आलेला बॅरिस्टर, शासकीय समितीचा सदस्य. पण टांगेवाल्याच्या लेखी त्याची किंमत काय होती, ते यात दिसते. आणखीही एक गोष्ट दिसते. लगाम धरण्याचे कौशल्यसुद्धा जातीने वाटून दिलेले होते. ज्यांना वाहनात बसू दिले नाही, त्यांना ते चालवायला तरी कोण शिकवणार? तो अपघात दैवाचा नव्हता, अडाण्याच्या चुकीचाही नव्हता. जातीने नाकारलेल्या कौशल्याचा तो अपघात होता.

बाबासाहेबांनी ही हकीकत 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत स्वतः लिहून ठेवली. ते लेखन पुस्तिकेच्या रूपाने छापले गेले १९९० मध्ये. घटना १९२९ ची, छपाई १९९० ची. वुडर्डची बातमी पाच महिन्यांनी देशापुढे आली. आपल्या हकिकतीची पुस्तिका व्हायला साठ वर्षे लागली. १९२० साली 'मूकनायक' निघाला, तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नव्हती, हे आपण विसरता कामा नये. माझ्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. आमच्या घरी वर्तमानपत्र यायचे ते वाण्याच्या पुडीला गुंडाळून. साखर डब्यात ओतली की मी तो कागद सरळ करून वाचायचो. त्या कागदांवर आमची वस्ती कधी भेटली नाही. ज्या वर्तमानपत्रांत आपल्याला विकत घेऊनही जागा मिळत नव्हती, त्यांच्या जुन्या फायलींत आपली बातमी नाही म्हणून आपण तेथे नव्हतोच, असे समजायचे काय?

५

आपण तेथे होतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'लढाऊ जाती'च्या सिद्धांतापायी महारांची सैन्यभरती बंद झाली. पहिल्या महायुद्धात गरज पडली, तेव्हा १९१७ मध्ये महारांची पलटण उभी केली आणि गरज संपताच १९२१ मध्ये मोडली. दुसऱ्या महायुद्धात १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची स्थापना झाली; त्यामागे बाबासाहेबांचा पाठपुरावा होता. या युद्धात भारतीय सेनेची संख्या पंचवीस लाखांवर गेली. ती सेना मोटारींवर चालणारी होती आणि मोटारींना चालक, फिटर, वायरमन, लोहार लागत. सेनेने हजारो खेडुतांना चाक धरायला आणि इंजिन खोलायला शिकवले. तेथे परीक्षा गिअर बदलण्याची होती, गोत्राची नव्हती. चाळीसगावच्या टांगेवाल्यांनी जे नाकारले, ते युद्धाने आपल्या गरजेपोटी थोड्यांना का होईना दिले. सातपूरपासून पंधरा-वीस किलोमीटरांवर देवळालीची छावणी आहे. ब्रिटिश सैनिकांच्या ये-जा करण्याचा हा तळ. मायदेशाच्या बोटीची वाट पाहत तेथे इतके कंटाळत की 'डूलाली' हा वेडसरपणाचा शब्दच इंग्रजीत रूढ झाला. गोऱ्या सोजिराच्या कंटाळ्याची नोंद शब्दकोशात झाली. त्याच छावणीत राबलेल्या भंगी, मोची, हमाल यांच्या कष्टांना कोणत्या कोशात जागा आहे?

मग १९४५ साल उजाडले. या एका वर्षात तीन गोष्टी घडल्या आणि त्या शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट अमेरिकेतली. जुलैत विलीजने नागरी जीप बाजारात आणली. तिच्यावर नांगर चालतो, माल वाहतो, मळणीयंत्राला पट्टा जोडता येतो, रविवारी कुटुंबाला गावात नेता येते, अशा तिच्या जाहिराती शेतकऱ्यांसाठी होत्या. पन्नास डॉलरांत खोक्यातली लष्करी जीप मिळते, असे आमिष दाखवणाऱ्या छोट्या जाहिरातीही पुढे वर्षानुवर्षे छापल्या गेल्या. पैसे पाठवणाऱ्याच्या हाती बहुधा लिलावाची माहिती देणारी पुस्तिकाच पडे.

दुसरी गोष्ट मुंबईतली. ऑक्टोबरात महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी महिंद्र अँड मोहम्मद ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ मध्ये कंपनीचे नाव महिंद्र अँड महिंद्र झाले. माझगावला विलीज जीपचे सुटे भाग आणून जोडण्याचे काम सुरू झाले. सातपूरच्या कारखान्याची मुळे तेथे आहेत.

तिसरी गोष्ट आपली. त्याच वर्षी बाबासाहेबांचा 'काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले' हा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी यंत्राला शिव्या देणाऱ्या विचारसरणीची झडती घेतली आहे. यंत्रामुळे माणसाला पशूवत कष्टांतून सुटका आणि संस्कृतीसाठी फुरसत मिळते. यंत्राचे दुष्परिणाम दिसत असतील, तर दोष समाजरचनेचा आहे, तेव्हा यंत्र मोडू नका, समाजरचना बदला, असा त्यांचा युक्तिवाद आहे. हे लिहिणारा माणूस तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होता. युद्धकाळातली तंत्रशिक्षणाची योजना त्यांच्याच खात्याकडे होती. सेनेतून सुटणाऱ्यांना काम मिळावे म्हणून १९४५ मध्ये पुनर्वसन व रोजगार महासंचालनालय उभे राहिले, तेही मजूर खात्याखालीच. कंपन्यांपुढे प्रश्न होता की युद्ध संपल्यावर जीपचे काय करायचे. जीप चालवणाऱ्या माणसाचे काय, हा प्रश्न बाबासाहेबांच्या खात्यापुढे होता.

६

स्वातंत्र्यानंतर जीप पहिल्या पानावर गाजली ती घोटाळ्यामुळे. काश्मीरच्या लढाईच्या काळात, १९४८ मध्ये, लंडनमधले आपले उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी सेनेसाठी दुरुस्त केलेल्या जुन्या जीप घेण्याचा सुमारे ८० लाख रुपयांचा करार केला. आल्या त्या १५५ जीप, आणि त्याही निकामी निघाल्या. संसदेत वर्षानुवर्षे वादळ झाले. १९५५ मध्ये सरकारने प्रकरण मिटल्याचे जाहीर केले आणि १९५६ मध्ये मेनन मंत्रिमंडळात आले. वर्तमानपत्रांनी या जीपांवर लिहिले ते योग्यच केले. जनतेचा पैसा होता. परंतु त्याच वर्षांत दुसरी एक जीप खेड्याखेड्यांत शिरत होती. तिच्याबरोबर जुनीच रीत चालू राहिली, आणि तिच्यावर असे वादळ झाले नाही.

२ ऑक्टोबर १९५२ रोजी समुदाय विकास कार्यक्रम सुरू झाला. गटविकास अधिकाऱ्याला जीप मिळाली. १९६२ मध्ये महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या, तेव्हा सभापतीलाही जीपची हौस लागली. रणांगणावर चिखल तुडवणारी गाडी आता सत्तेची खूण झाली. जीप आली म्हणजे साहेब आला, पुढारी आला, निवडणूक आली, किंवा पोलीस आले. जीप जाऊ शकेल एवढा रस्ता हे सरकारी दप्तरातले रस्त्याचे एक मापच होऊन बसले. तो रस्ता चावडीपर्यंत यायचा, पाटलाच्या वाड्यापर्यंत जायचा. गावकुसाबाहेर तो किती वेळा पोचला?

येथे एक तारीख ध्यानात ठेवली पाहिजे. महार वतनाच्या कामांत सरकारी टपाल गावोगाव पोचवणे, आलेल्या अंमलदाराचे सामान उचलणे, त्याच्या घोड्यापुढे किंवा गाडीपुढे धावत वाट दाखवणे, अशी कामे येत. हे जोखड काढण्यासाठी बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले १९२८ मध्ये. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा झाला १९५८ मध्ये आणि तो अमलात आला १९५९ मध्ये. म्हणजे विकासाची जीप खेड्यात शिरली, त्यानंतर सात वर्षे साहेबाच्या वाहनापुढे धावण्याचे वतन कायद्याने जिवंत होते! चार चाकांना जोर देणारे यंत्र आणि दोन पायांवर धावणारा माणूस एकाच चावडीपुढे, एकाच काळात उभे होते. ही आपल्या आधुनिकतेची खरी बातमी होती.

आणि रस्ता? १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसे खडी फोडायला बसली. त्यांत भूमिहीन दलित आणि आदिवासी स्त्रियांची गर्दी होती. त्यांनी फोडलेल्या खडीवरून जीप चालली. मोजमाप घ्यायला साहेब जीपमधूनच आले. खडी फोडणारीच्या नशिबी त्या रस्त्यावरची धूळ आली.

७

एवढे म्हटल्यावर वाहन हे शोषणाचेच साधन आहे असा निष्कर्ष कुणी काढील, तर तो बाबासाहेबांच्या विचाराला सोडून होईल. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला (आजच्या अहिल्यानगरला) राज्य परिवहनाची पहिली बस सुटली. त्या बसचे चालक किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे यांची नावे आजही सांगितली जातात. गाडीच्या इतिहासात राबणाऱ्याचे नाव टिकल्याचे हे दुर्मीळ उदाहरण. एसटीने जात मोडली असे मी म्हणणार नाही. पण तिकिटावर जात छापलेली नव्हती. पैसे मोजले की जागा मिळे, आणि शेजारी कोण बसेल हे गावाला ठरवता येत नसे. सार्वजनिक वाहनात अस्पृश्यतेवरून अडवणे १९५५ च्या कायद्याने गुन्हा ठरले. टांग्याचा मालक नकार देऊ शकत होता. एसटी सार्वजनिक होती, म्हणून तिला नकार देण्याचा अधिकार नव्हता. मालकी कोणाची, यावर यंत्राचा स्वभाव ठरतो, याचा आणखी कोणता पुरावा हवा?

मनिलात अमेरिकनांनी मागे टाकलेल्या जीप गोरगरिबांनी लांब केल्या, रंगवल्या आणि त्यांची 'जीपनी' ही प्रवासी गाडी बनवली. आपल्याकडे काळी-पिवळी जीप झाली. जेथे एसटी दिवसातून एकदा येते, तेथे हीच जीप बाळंतिणीला दवाखान्यात आणि पोराला परीक्षेला नेते. दहा-बारा माणसे कोंबून, मागच्या फळीवर उभी करून. ती धोक्याची आहे, हे खरे. पण गटविकास अधिकाऱ्याच्या जीपपेक्षा ती अधिक नागरी आहे, हेही खरे. तिच्यात बसलेला माणूस कुणाच्या गाडीपुढे धावत नाही.

म्हणून माझे विद्यार्थ्यांना आणि शिक्षकमित्रांना सांगणे आहे की जुन्या फायली जरूर चाळा. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचे आहे; असे ग्रंथालय प्रत्येक जिल्ह्यात शोधा. पण बातमी वाचताना तिला तीन प्रश्न विचारा. ही गाडी कोणी चालवली? हा रस्ता कोणी फोडला? या गाडीत कोणाला बसू दिले नाही? उत्तर छापलेले नसेल, तर ते आपल्या वस्तीत शोधा. आजोबांचे सेनेतले डिस्चार्ज बुक, मामाचे जडवाहनाचे लायसन, आजीने जपलेला रोजगार हमीचा कागद, वडिलांचा कारखान्यातला गेटपास ही आपली वर्तमानपत्रे आहेत. ती ट्रंकेत कुजतात, वाळवी खाते, घर बदलताना रद्दीत जातात. वस्तीतल्या प्रत्येक विहारात, प्रत्येक अभ्यासिकेत एक कपाट यासाठी ठेवा. कागदावर नाव, गाव, साल लिहा आणि ज्याचा कागद आहे तो माणूस हयात असेल, तर त्याच्याकडून हकीकत लिहून घ्या.

हे काम सरकार करणार नाही, कंपन्याही करणार नाहीत. कंपन्या आपल्या संस्थापकांची चरित्रे छापतात. तो त्यांचा हक्क आहे. जीप जोडणाऱ्या, हाकणाऱ्या आणि तिच्यासाठी खडी फोडणाऱ्या माणसांचे चरित्र लिहिणे हे आपले कर्तव्य आहे. ते आपण केले नाही, तर शंभर वर्षांनी कुणीतरी आजची वर्तमानपत्रे उघडील आणि सातपूरमध्ये फक्त गाड्याच राहत होत्या, असा समज करून घेईल.